देव बोलणार शे

शहाद्याच्या बाजारात दिवाल्यानं डफ बडवून जे सांगितलं, त्यात खोटं असं काहीच नव्हतं. तंबूचा मालक उमेदमल त्याला हिंदीत एवढंच म्हणाला होता की, या मुलखात पहिल्यांदाच बोलपट आला आहे, यात भगवान स्वतः बोलतो, तेव्हा गावोगाव जाऊन सांग. दिवाल्यानं त्याची अहिराणी केली आणि गावोगाव सांगितलं, "आयका हो आयका, शहादाले तंबूमा देव उना शे. शनवारपासून देव बोलणार शे." आता यात चूक काढायची तर कुठं काढणार? शब्दाला शब्द बरोबर होता. फक्त आपल्याकडं देव बोलणार म्हटलं की माणूस ऐकायला जात नाही, विचारायला जातो. भगताच्या अंगात येऊन देव बोलतो, तेव्हा लोक काय टाळ्या वाजवून घरी येतात? हरवलेलं, अडलेलं, दुखणारं सगळं त्याच्यापुढं मांडतात आणि उत्तर घेतल्याशिवाय उठत नाहीत.

याआधीही तंबूत देव येऊन गेले होते, पण ते मुके. नुसतेच ओठ हलवायचे, आणि पडद्याशेजारी उभा राहून दिवाल्या त्यांचं म्हणणं लोकांना सांगायचा. मुक्या देवाला कोण काय विचारणार? आता देवाला तोंड फुटलं म्हटल्यावर तापीकाठची गावं गाड्या जुंपून निघाली. कुणी नारळ घेतला, कुणी उदबत्ती घेतली, आणि प्रश्न तर प्रत्येकानं घेतला.

दगा पाटलाच्या घरात प्रश्न एकच होता. त्यांचा एकुलता एक मुलगा भटू घर सोडून गेला होता, आणि त्याला आता बरीच वर्षं झाली होती. तो गेला त्यालाही एक सिनेमाच कारण. नंदुरबारला मुका खेळ आला म्हणून भटू बैल मोकळे सोडून पळाला. मागं एका बैलानं कोवळी ज्वारी खाल्ली, त्याचं पोट फुगलं आणि संध्याकाळपर्यंत तो गेला. भटू खेळातली गाणी गुणगुणत परत आला. मुक्या खेळात गाणी कुठली, असं विचारू नका, तंबूत पेटीवाला असे. दगा पाटील मुळात कमी बोलणारा माणूस, पण त्या दिवशी सगळ्या गावासमोर तो मुलाला बोलला. "बैल जगता नि तू मरता, तं माले परवडतं," असं बोलला. भटू त्याच पावली निघाला. सुरतेकडं गेला म्हणतात. त्यानंतर दगा पाटलानं बोलणंच टाकलं. हो किंवा नाही एवढंही तो मानेनंच सांगे, आणि घरातलं उरलेलं सगळं शांतीबाई एकटी बोले.

दिवाल्याची दवंडी ऐकल्यावर शांतीबाईनं गाडी जुंपायला लावली. दगा पाटलानं मान हलवून नाही म्हटलं. सिनेमा या गोष्टीचं त्याला तोंड पाहायचं नव्हतं. त्यावर शांतीबाई जे म्हणाली ते शेजारच्या तीन घरांना ऐकू गेलं. ती म्हणाली, "पोरले बोलनात तुम्ही, तं इचारालेबी तुम्हीच पाहिजे. देव माले इचारी, तुन्हा मालकना तोंडले काय व्हयनं, तं मी काय सांगू?" याला मानेनं देण्यासारखं उत्तर नव्हतं. दगा पाटील गाडीत बसला.

तंबूत चप्पल बाहेर काढून जायचं, हे कुणी न सांगता ठरलं. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, मधे दोरी. पडद्यापुढं नारळांची रास इतकी झाली की पुढच्यांना देवाचे पाय दिसेनात. सगळ्यांच्या पाठीमागं, दाराशी, पत्र्याच्या खोक्यात यंत्र होतं आणि ते चालवायला छगन नावाचा एक काठेवाडी गडी होता. माणूस पंचविशीचा, पण तोंडावर कुणी मेल्यासारखी कळा. बाहेर तेलाचं इंजिन धडधडत होतं, भोंग्यातून खरखर येत होती, आणि त्या खरखरीतून देवानं बोलावं म्हणून शहादा तालुका श्वास रोखून बसला होता.

देव काही लवकर येईना. आधी एका म्हाताऱ्या भक्तानं पुष्कळ गाणी म्हटली. मग तो आंधळा झाला, मग त्याचा मुलगा हरवला, मग त्यानं राहिलेली गाणी म्हटली. शेवटी एकदाचा देव आला. लोकांनी हात जोडले. देव बोललाही, पण बोलला त्या पडद्यातल्या माणसांशीच, आणि तेही असल्या हिंदीत की तलाठ्यालाही अर्धंच कळलं. लोकांनी थोडी वाट पाहिली. मग लोणखेड्याचा फुलसिंग उठला आणि विहीर कुठं खणली तर पाणी लागेल, हे त्यानं स्वच्छ शब्दांत विचारलं. देव पडद्यात गालातल्या गालात हसला आणि दुसरीकडं बघायला लागला. फुलसिंगनं पुन्हा विचारलं. देव गाणं म्हणायला लागला.

मग जो तो उठून विचारू लागला. बायकांच्या बाजूनं धनुबाईनं सुनेचं विचारलं, एकानं खटल्याचं विचारलं, एकानं पोटदुखीचं. देवाला कुणाचंच ऐकू येत नव्हतं. हळूहळू कुजबुज सुरू झाली की याच्यापेक्षा मुका देव बरा होता, निदान दिवाल्या तरी आपलं ऐकायचा. एकानं तर आपला नारळ परत मागितला. उमेदमल दाराशी घाम पुसत उभा होता. खेळ पडला हे त्याला कळलं होतं. का पडला, ते कळत नव्हतं.

त्या गोंधळात दोरीपलीकडून शांतीबाई खोकली. दगा पाटील हलला नाही. ती पुन्हा खोकली. हे खोकणं दम्याचं नाही, हे तो ओळखून होता. तिसऱ्यांदा खोकली तेव्हा तो उठला. दगा पाटील उठला म्हटल्यावर त्याच्या गावचे लोक गप्प झाले, आणि ते गप्प झाले म्हणून बाकीचेही गप्प झाले. पागोटं काढून त्यानं हातात धरलं. इतक्या वर्षांचा बंद गळा, त्यातून आवाज निघायला वेळ लागला.

"मन्हा भटू कोठे शे, देवा?"

पडद्यातल्या देवानं हात वर केला आणि भोंग्यातून स्पष्ट शब्द आले, "जिसे तू ढूँढता है, वह तेरे पीछे खड़ा है."

पडद्यातला भक्त मागं वळला. दगा पाटील मागं वळला. सगळा तंबू मागं वळला. मागं, यंत्रापाशी, विडी ओढत छगन उभा होता.

पुढं काय झालं ते सांगायला नकोच. लोकांनी त्याला यंत्रापासून उचलूनच आणला. इकडं यंत्र सोडल्यावर पडद्यावरचा देव हात वर केलेला तसाच अडकला, मग कडेनं जळत गेला आणि पांढरा झाला. ते कुणी पाहिलंही नाही. उत्तर दिलं, देवाचं काम संपलं.

छगन घाबरून म्हणाला, "हुं भटू नथी, काका. मारुं नाम छगन."

"सुरतले ऱ्हायना, गुजराती शिकना," एकजण समजावून सांगत म्हणाला. नाव वेगळं कसं, असं कुणी विचारलं तर त्यालाही उत्तर तयार होतं. घर सोडून पळालेला माणूस खरं नाव सांगतो का? तो जितकं नाही म्हणे, तितकी लोकांची खात्री होत गेली, कारण बापावर रागावलेला मुलगा नाहीच म्हणणार. भटूच्या कपाळावर लहानपणची खोक होती, याच्या कपाळावर काही नव्हतं. यंत्रानं भाजलेला एक डाग मात्र हातावर होता. यावर सगळे जरा अडले, पण दिवाल्यानं तोही पेच सोडवला. "इतला वरीसमा मानूस कोठला कोठे जास. खोक कपायवरथून हातवर गयी, तं काय मोठं?"

उमेदमल आधी फिल्मचा तुकडा जळाला म्हणून डोकं धरून बसला होता. पण व्यापाऱ्याचं डोकं हातात फार वेळ राहत नाही. देवानं हरवलेला मुलगा दिला, ही बातमी सकाळी बाजारभर झाली तर उद्या तंबू फाटेल, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं छगनच्या कानाशी लागून सांगितलं, "आज की रात बेटा बन जा, भाई. तेरा क्या जाता है?" आणि त्याला दगा पाटलापुढं उभा केला.

शांतीबाई दोरी ओलांडून आली. तिनं कंदील उचलून छगनच्या तोंडापाशी धरला आणि लगेच खाली घेतला. आईला किती वेळ लागणार? तिचं तोंड काळवंडून गेलं. हा नव्हे, असं ती म्हणणारच होती, तेवढ्यात दगा पाटील बोलायला लागला, आणि त्याला थांबवायची तिची छाती झाली नाही. तो हळू बोलत होता. त्या तिघांनाच ऐकू जाईल, इतकं हळू.

"तू मन्हा भटू नही शे. मन्हा डोया कमी व्हयनात, पन इतला नहीत." छगननं खाली पाहिलं. "पन मी उठेलच शे, तं बोली लेस. त्या दिन मी जे बोलनू, ते बोलाले नको व्हतं. बैल मरना तं मरना. दुसरा बैल लयना मी. त्याले अजून नाव नही. समदा बैलसना नाव तूच ठेवस ना, म्हनीसन ऱ्हाऊ दिन्हं. घर ये, भो."

छगनला अहिराणी येत नव्हती, पण एवढी अहिराणी समजायला यावी लागत नाही. त्यानं वाकून दगा पाटलाच्या पायाला हात लावला आणि बराच वेळ उठलाच नाही. लोकांनी भगवंताचा जयजयकार केला. शांतीबाई रडली, ते सगळ्यांना आनंदाचं वाटलं. मी म्हणतो, इतकं एकटं रडणं कुणाच्या वाट्याला येऊ नये, भोवती सगळा तालुका टाळ्या वाजवतोय आणि मुलगा आलेलाच नाही.

दोघं नवरा-बायको गाडी जुंपून गावी परतले. छगन तंबूतच राहिला, कारण यंत्र त्याच्याशिवाय चालत नव्हतं. आवराआवर करून तो घरी येईल, असं उमेदमलनं लोकांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपार कलली तेव्हा उमेदमल टांगा पळवत दगा पाटलाच्या दारात आला. तंबूपाशी माणूस मावत नव्हतं. कुणाची मुलं हरवलेली, कुणाचे नवरे, कुणाची गुरं. सगळे मागं बघत बसले होते, पडद्याकडं कुणाचंच तोंड नव्हतं. आणि खेळ सुरू करायला छगनच जागेवर नव्हता. "पाटीलजी, मेरा आदमी दे दो," उमेदमल हात जोडून म्हणाला. शेजारी म्हणाले, देवानं ज्याचा त्याला दिला, आता परत कसा मागता? त्यानं घरात पाहिलं, गोठ्यात पाहिलं, कडब्याच्या गंजीमागं पाहिलं. शांतीबाईनं त्याला ओट्यावर बसवून पाणी दिलं आणि छगन इथं आलाच नाही, असं शपथेवर सांगितलं.

उलगडा केला तो फुलसिंगनं. देव विहिरीचं बोलला नाही म्हणून तो पहाटेच नंदुरबारला, जमिनीतलं पाणी सांगणाऱ्या पानाड्याला भेटायला गेला होता, तो संध्याकाळी या वाटेनं परतत होता. त्यानं छगनला स्टेशनावर सुरतेच्या गाडीत बसलेला पाहिला होता. मोडक्या हिंदीत दोघं बोललेही होते. छगनलाही त्याचा बाप एकदा बोलला होता, आणि तोही घर सोडून आला होता. आता परत चालला होता. रात्री एक म्हातारा असं काही बोलला की राहवलं नाही, म्हणाला.

उमेदमल भिंतीला टेकून बसला. देव बोलला आणि त्यात आपला धंदा बुडाला, असा बोलपट साऱ्या मुंबई इलाख्यात नसेल, असं काहीसं तो पुटपुटत होता. शेजारी हिरमुसले आणि एक एक करून उठले. जाता जाता ते म्हणाले की तसाही तो खेळ काही धड नव्हता, देवाचं बोलणं एका ठिकाणी आणि माणूस भलत्याच ठिकाणी. टांगा गेला. फुलसिंगही गेला.

ओट्यावर दोघंच राहिली. आता पुन्हा मानेनंच सगळं, असं शांतीबाईनं धरलं होतं. एवढ्यात दगा पाटलानं विचारलं, "सुरतमा बी बोलपट ऱ्हातस का वं?"

"ऱ्हातस व्हतीन. मोठं गाव शे."

दगा पाटलानं तापी जाते त्या दिशेनं, सुरतेकडं, पाहिलं.

"मंग तठेबी एखादा म्हतारा बाप उठाले पाहिजे," तो म्हणाला. "आनि तठला देवनीबी अशीच चूक कराले पाहिजे."