रडण्याचा चौथा हिस्सा

हे घर दाखवताना दलाल म्हणाला होता, "ताई, भिंती पातळ आहेत. लहान मूल असेल तर विचार करा." मूल तेव्हा पोटात होतं आणि स्वयंपाकघरात छान ऊन येत होतं. मी म्हटलं, "मुलं काय, रडतातच."

बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा इमारतीच्या आवाज नियंत्रण समितीची नोटीस आली. विषय: बालकजन्य ध्वनी. दुसरी नोटीस आली तर घर सोडावं लागणार होतं. सेक्रेटरीकाका स्वतः मीटर घेऊन आले आणि पाळण्यापाशी उभे राहिले.

"याला काही समजावून सांगता येईल का?"

"काका, तो सहा महिन्यांचा आहे."

"मग लेखी कळवा."

माझ्या नवऱ्याकडे मॉड्युलर सिंथेसायझर आहे. कपाटाएवढं यंत्र, पुढून वायरींचं जंगल. त्यात सबहार्मोनिक जनरेटर नावाचा एक भाग असतो. त्याला एक सूर दिला की तो त्याच्या निम्मा, तिसरा हिस्सा, चौथा हिस्सा असे खालचे सूर काढून देतो. नवरा यातून संगीत निर्माण करतो, असं त्याचं म्हणणं आहे. समितीचं मीटर फार खालचे सूर मोजतच नाही, हे त्याने बरोबर हेरलं. बाळाच्या खोलीला आतून जाड फोम लावला, पाळण्यावर माइक टांगला आणि रडणं यंत्रात सोडलं. हॉलमधल्या स्पीकरमधून फ्रिजसारखी घरघर येऊ लागली. मीटरवर शून्य.

"पण तो रडतोय हे कळणार कसं?"

"अगं, घरघर आली की रडतोय. तुझ्या जिवाची उगीच तगमग तरी होणार नाही."

समिती भारावली. योजना सर्वांना सक्तीची झाली आणि नवरा मानद ध्वनी सल्लागार. दुसऱ्या मजल्यावरचं ड्रिल निम्म्यावर आणलं. तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याची भांडणं तिसऱ्या हिश्श्यावर. बाहेरून ऐकलं तर दोघांचं एकमत झाल्यासारखं वाटे. समोरचे निवृत्त मास्तर एकटेच राहतात. त्यांचा दम्याचा खोकला चौथ्या हिश्श्यात बसला. दारांवरच्या बेलही सोडल्या नाहीत. सगळी इमारत घुमू लागली, टेबलावरचे कप आपोआप कडेला सरकू लागले. समितीने नोंद घेतली: रहिवाशांची टेबलं उतरती आहेत.

एका दुपारी मी कपडे वाळत घालत होते. घरघर चालू होती, पण ती आता कायमच असायची; त्यात बाळाची कोणती आणि ड्रिलची कोणती, हे कळेनासं झालं होतं. राहवेना म्हणून बाळाच्या खोलीचं दार उघडलं. बाळ लालबुंद, अंग तापलेलं, तोंड उघडं, आणि आवाज पार बसलेला.

डॉक्टरांकडून परतताना बाळाला कडेवर घेऊनच समितीच्या ऑफिसात गेले.

"मीटर काय म्हणतंय?" काकांनी विचारलं.

"शून्य."

"मग शून्याची तक्रार नोंदवू कशी मी?"

माझा आवाज चढला. त्यांनी मला फोम लावलेल्या तक्रार कक्षात बसवून दार लावलं आणि काचेपलीकडे स्पीकरवर माझं म्हणणं ऐकत मान डोलावत राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "बघ, किती समजूतदारपणे बोललीस."

घरी येऊन मी फोम ओरबाडायला घेतला.

"अगं, सल्लागाराच्याच घरात?" नवरा म्हणाला.

मी बाळ त्याच्या हातात दिलं. अंगाचा चटका बसल्यावर त्यानेही एका हाताने फोम ओढायला सुरुवात केली. बाळ आता बरं आहे आणि भर हॉलमध्ये रडतं. दुसरी नोटीस आली आहे.

आमच्या जागी तुम्ही येणार आहात. परवा घर बघायला आलात तेव्हा बाळ माझ्या खांद्यावर झोपलं होतं. "किती शांत आहे इथे," असं तुम्ही दोनदा म्हणालात आणि उभ्या उभ्या होकार दिलात. तुमचं काही चुकलं नाही. फक्त एवढं करा. मी रोज सकाळी समोरच्या मास्तरांकडे डोकावते. उद्यापासून मी नसेन. बेल वाजवू नका, घरघरीत त्यांना ती कळत नाही. दार हाताने ठोका, आणि ते उघडेपर्यंत तिथून हलू नका.