हमालाची खुर्ची

शनिवारी दुपारी एक वाजता सोरेन गुंडरसनच्या तळघरात सगळं तयार होतं, फक्त चौथा गडी नव्हता. कर्टच्या गोठ्यात गाय व्यायला आली होती, वासरू पोटात आडवं, त्यामुळे तो काही येत नाही असा निरोप आला. आता तुम्ही म्हणाल, मग पुढच्या शनिवारी खेळा की. तेच तर जमणार नव्हतं. केंग वांगला अलास्कात विमानं दुरुस्त करायची नोकरी लागली होती आणि तो रविवारी सकाळीच निघणार होता. तीन वर्षं चाललेली मोहीम आज संपली नाही तर ती कायमची अर्धवट राहणार होती.

मोहीम म्हणजे टेबलाभोवती बसून करायची. सोरेन सूत्रधार. तो डोंगर सांगतो, दऱ्या सांगतो, राक्षसांचे आवाज काढतो. बाकीचे आपलं पात्र काय करतंय ते सांगतात, आणि जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकतात. सोरेनच्या टेबलाचे दोन नियम होते आणि ते त्यानं जाड अक्षरात भिंतीवर लावले होते. एक, कार्डावर लिहिलंय ते खरं. दोन, बाहुलं जिथे, पात्र तिथे. ह्या दुसऱ्या नियमानं त्यांच्यातल्या टेसचा घात केला होता. गेल्या वर्षी कॉफीचा मग ठेवायला जागा नव्हती म्हणून तिनं आपल्या पात्राचं इवलंसं बाहुलं नकाशावर जरा सरकवलं, ते नेमकं ज्वालामुखीच्या तोंडात गेलं, आणि सोरेननं तिची लाडकी जादूगारीण तिथल्या तिथे जाळली. "मी फक्त सरकवलं होतं," हे वाक्य टेस तेव्हापासून दर शनिवारी एकदा तरी म्हणायचीच.

आणि शेजारच्या कपडे धुवायच्या खोलीत ड्रॅगन होता. सोरेननं स्वतःच्या हातानं केलेला, सात महिने खपून. कोणालाही दाखवला नव्हता, केंगला तर नाहीच. दाराला कुलूप, किल्ली गळ्यात. सोरेनची आई, जॉइसकाकू, सात महिने कपड्यांची टोपली घेऊन बहिणीकडे धुवायला जात होत्या. शेवटी त्यांनी नवीन मशीन मागवलं आणि सांगून टाकलं, सोमवारी मशीन येतंय, त्याच्या आत तुझं जे काय आहे ते त्या खोलीतून निघालं पाहिजे.

त्या मशीनमुळेच डार्ला आली. दुकानाची डिलिव्हरीची गाडी चालवणारी, सव्वीस वर्षांची, कमरेला पट्टा आणि पट्ट्याला मोजायची टेप.

"दार किती रुंद आहे?" जिना उतरता उतरताच तिनं विचारलं.

"एकोणतीस इंच," सोरेन दाराला पाठ लावून म्हणाला.

"मी मोजते ना."

"आत्ता नको. चार वाजता मोजा. आत काम चाललंय."

"दारं मोजू न देणारी माणसं मी पाहिलीयत," डार्ला म्हणाली, "सोमवारी तीच माणसं मशीनला शिव्या घालतात."

"मग बस ना चारपर्यंत," टेस म्हणाली. "आमचा एक माणूस कमीच आहे. कॉफी आहे, काकूंनी ओव्हनमध्ये बटाट्याचं हॉटडिश भाजलंय. गरम आहे अजून."

डार्लानं हॉटडिशकडे पाहिलं आणि पत्र्याची घडीची खुर्ची ओढून बसली.

"तुझं पात्र कोण?" केंगनं विचारलं. "मी रानटी योद्धा, ही टेस चोर. तू जादूगार होतेस का?"

"मला हमालीच येते."

"हमाल असं पात्र नसतं," टेस म्हणाली.

पण सोरेन माणूस चांगला. त्यानं कागदावर लिहिलं, हमाल. आता प्रत्येकाला एक जादूची वस्तू मिळते. केंगकडे पेटता परशू होता, टेसकडे बोलता उंदीर. सोरेनच्या डोक्यातल्या चांगल्या वस्तू तीन वर्षांत संपल्या होत्या. तो इकडे पाहतो, तिकडे पाहतो, शेवटी डार्ला बसली होती त्या तपकिरी खुर्चीकडे पाहून त्यानं कार्ड लिहिलं: जादूची घडीची खुर्ची. जो बसेल त्याच्या मापाची होते. बसणाऱ्याला आराम मिळतो.

टेस एवढी हसली की तिला कॉफी बाजूला ठेवावी लागली. "सोरेन, तिला निदान एखादी सुरी तरी दे रे."

"चालेल मला," डार्ला म्हणाली. कार्ड तिनं दोनदा वाचलं, पावती वाचावी तसं. "एक विचारू? बसणारा उठला की हिचं माप काय?"

सोरेननं हा विचारच केला नव्हता. "राहतं तेवढंच. पुढचा कोणी बसेपर्यंत."

हे त्यानं बोलायला नको होतं.

पहिलंच संकट म्हणजे किल्ल्याचं दार, वरून खाली पडणारं, लोखंडी जाळीचं. खाली फक्त चार इंचांची फट. किल्ली होती तीन मजले खालच्या विहिरीत, आणि त्या विहिरीसाठी सोरेननं दोन तासांचा मजकूर लिहून ठेवला होता. केंगनं दार उचलायचा प्रयत्न केला, फाशावर दोन पडले, खांदा निखळला.

"पलीकडे कोण आहे?" डार्लानं विचारलं.

"पहारेकरी राक्षस. चोवीस फुटी. रात्रंदिवस उभा."

"कधीपासून उभा?"

"शंभर वर्षं झाली," सोरेन जरा अभिमानानं म्हणाला.

"टेस, तुझा उंदीर जरा खुर्चीवर बसव. हां. आता उतरव. झाली ना काडेपेटीएवढी? मी ती फटीतून सरकवते, बरोब्बर दाराच्या खाली येईल अशी. आणि राक्षसाला हाक मारते. दादा, शंभर वर्षं उभे आहात, पाय गेले असतील. बसा की घटकाभर."

सोरेननं फासा टाकला, राक्षसाच्या वतीनं. एक पडला. राक्षस बसला. आता चोवीस फुटी राक्षस बसला म्हणजे खुर्ची त्याच्या मापाची होणारच, आणि ती वाढता वाढता तिच्या पाठीनं ते लोखंडी दार अलगद वर उचललं, चार इंचांपासून थेट तेरा फुटांवर. वर राक्षसाला आराम मिळाला. शंभर वर्षांनी. तो घोरायला लागला.

केंगनं परशू, म्हणजे पेन्सिल, टेबलावर ठेवली. "मी तीन वर्षं दारं फोडतोय," तो हळूच म्हणाला.

सोरेननं विहिरीची सहा पानं उलटी करून ठेवली. पण तोंडावर हात ठेवला होता ना त्यानं, त्याच्या कडेनं हसू दिसत होतं. सूत्रधाराचं असंच असतं, आपलं दार कोणी उघडलं की रागही येतो आणि कौतुकही वाटतं, आणि कौतुकच जास्त वाटतं.

पुढे दरी. बारा फूट रुंद, खाली धूर. पूल पाहिजे तर पुलाच्या म्हाताऱ्या राखणदाराची अकरा कोडी सोडवा. सोरेननं ती सगळी यमक जुळवून लिहिली होती आणि पहिलं कोडं म्हणायला घसा खाकरला.

"खुर्ची आणली का आपण?" डार्लानं विचारलं.

"तिच्यावर राक्षस झोपलाय," सोरेन म्हणाला.

"फ्रिजसारखं करायचं. एक कड उचलायची, लोळवायचा. तो काही उठत नाही." फासा तिच्या बाजूनं पडला. "आता खुर्ची तेरा फुटांची आहे. दरी बारा. घडी करा, आडवी टाका, चला."

"अगं, कोडी तरी ऐक," केंग म्हणाला. "बिचाऱ्यानं यमक जुळवलंय."

मग सगळ्यांनी दरी ओलांडल्यावर, पलीकडे बसून, खास सोरेनसाठी अकराही कोडी ऐकली आणि त्यातली चार सोडवली. उंदराला पुन्हा खुर्चीवर बसवलं, काडेपेटी झाली, डार्लानं खिशात टाकली. पावणेतीन वाजले होते आणि मोहीम ड्रॅगनच्या गुहेपाशी येऊन उभी होती.

"दार किती रुंद?" डार्ला म्हणाली.

"बारा फूट."

"आणि ड्रॅगन?"

"पंखांसकट चाळीस."

"मग हा आत आला कसा?"

टेस आणि केंग दोघंही सोरेनकडे पाहायला लागले. मग त्याचा चेहरा उजळला. "लहान असताना आत गेला. आतच वाढला."

"मग बाहेर कसा येणार?"

"तो यायचा नाही. आपणच आत जायचं," असं म्हणत सोरेननं गळ्यातली किल्ली काढली, केंगकडे पाहून एकदा हसला आणि धुवायच्या खोलीत गेला. "डोळे मिटा," आतून आवाज आला.

तिघांनी डोळे मिटले. आतून धप्प असा आवाज आला. मग खरवडल्याचा. मग पुन्हा धप्प. मग बराच वेळ काहीच नाही. दार जरासं उघडून सोरेन बाहेर आला तो कागदासारखा पांढरा.

"तो दारातून येत नाहीये," तो म्हणाला. "पंख मंगळवारी चिकटवले. आतच."

टेसनं एक डोळा उघडला. "लहान असताना आत गेला," ती म्हणाली.

"टेस, आत्ता नको."

"आतच वाढला."

सोरेननं फडताळातून लोखंड कापायची करवत काढली. "पंख कापतो. नंतर चिकटवेन परत. केंग, तू उद्या चाललास, तुला बघायचाय ना तो."

"पंख कापलेला नाही बघायचा," केंग म्हणाला. "मी डोळे मिटूनच बसतो. तू वर्णन कर. तीन वर्षं तेच केलंयस."

डार्ला उठली, टेप काढली आणि सोरेनला बाजूला करून आत गेली. आत ती एवढा वेळ उभी राहिली की टेसला वाटलं आता हिलाही काढावं लागणार.

"हे तू केलंस?" डार्लाचा आवाज आला.

"हो."

"हे खवले कशाचे?"

"भोपळ्याच्या बिया. साडेचार हजार."

"करवत ठेव बाजूला," डार्ला म्हणाली. "मी लोकांचे सोफे न कापता आत नेते, हा बाहेर काढायला काय झालंय? हातोडी दे. आणि माझी खुर्ची आण."

तिनं बिजागऱ्यांच्या खिळ्या ठोकून दार काढलं, त्यानं सव्वा इंच मिळालं. ड्रॅगन बसला होता प्लॅस्टरच्या खडकावर, वीस किलोचा ऐवज, आणि हात लावायचा कुठे, सगळीकडे बिया. म्हणून तिनं त्याला खडकासकट त्या तपकिरी पत्र्याच्या खुर्चीवर बसवला, कमरेच्या पट्ट्यानं बांधला आणि खुर्ची मागे कलती केली. "सोफ्यासारखं. आधी एक हात, मग पाठ, मग दुसरा हात. केंग, डोळे मिटलेले राहू देत, फक्त खालून धर. वळव. थांब. वळव. टेस, शेपटी." चौकटीचा रंग गेला, एक बी पडली, आणि सात मिनिटांनी ड्रॅगन बाहेर होता. टेबलावर तो मावेना, म्हणून खुर्चीसकटच टेबलाच्या टोकाशी ठेवला.

"उघड," सोरेन म्हणाला.

केंगनं डोळे उघडले. हिरव्यापासून तांब्यापर्यंत चढत गेलेला रंग, गोट्यांचे डोळे, आणि पंख असे ताणलेले की उजेड आरपार यावा. केंग त्याच्याभोवती एक फेरी मारून आला, दुसरी मारली, आणि खाली पडलेली बी उचलून खिशात टाकली. सोरेन बघत होता त्याच्याकडे. त्या दोन फेऱ्यांतच सात महिने वसूल झाले.

मग सोरेननं घसा साफ केला, सूत्रधार झाला. "नऊशे वर्षं सोन्याच्या राशीवर पडलेला ड्रॅगन मान उचलतो. डोळे उघडतो. तुम्ही काय करता?"

केंगनं फासा उचलला.

"थांब," टेस म्हणाली. ती भिंतीकडे बघत होती. "नियम दोन. बाहुलं जिथे, पात्र तिथे."

"मग?"

"सोन्यावर कुठाय तो? बसलाय तो. खुर्चीवर."

सोरेननं पाहिलं. ड्रॅगन बसला होता. पाठ टेकून, पट्टा लावून. "अगं, तो फक्त ठेवलाय तिथे," तो म्हणाला.

"मी पण बाहुलं फक्त सरकवलं होतं," टेस म्हणाली. वर्षभर ती ह्या क्षणाची वाट बघत होती, हे तिलाही आत्ताच कळलं.

"पण ही ती खुर्ची नव्हे."

"कार्ड लिहिताना तू हिच्याकडेच बघत होतास," असं म्हणून डार्लानं कार्ड त्याच्यापुढे सरकवलं. "शेवटची ओळ वाच."

सोरेननं वाचली. बसणाऱ्याला आराम मिळतो. त्यानंच लिहिली होती. तो केंगकडे वळला, अगदी काकुळतीला येऊन. "तुला लढाई पाहिजे होती ना? तीन वर्षं झाली. मी तीनशे घाव झेलणारा बनवलाय."

केंगनं फासा खाली ठेवला. खिशात हात घालून त्यानं ती पडलेली भोपळ्याची बी चाचपली. "ह्याच्यावर परशू टाकू? मला तर ह्याच्यासमोर शिंकायचीसुद्धा भीती वाटतेय."

सोरेननं ड्रॅगनकडे पाहिलं. मग त्यानं खांदे खाली सोडले आणि सात महिने आरशासमोर घोटलेला तो खोल, घोगरा आवाज काढला. "नऊशे वर्षांत," ड्रॅगन म्हणाला, "इथे जो आला तो तलवार घेऊन आला. बस म्हणणारे तुम्हीच पहिले."

जिन्याच्या वरच्या टोकाला दार किलकिलं झालं. "सोरेन," जॉइसकाकूंनी हाक मारली, "हा कोणाचा आवाज? कोण आलंय?"

"ड्रॅगन, काकू," टेस म्हणाली.

"निघाला का त्या खोलीतून?"

"निघाला. खुर्चीवर बसलाय."

काकू एक पायरी खाली उतरल्या.

"मग त्याला कॉफी विचारलीत का कोणी?"