अप्पांच्या कवळीचं वंगण

माणसं जेवायला कवळी बसवतात. आमचे मानवतचे शेजारी गुरुपादअप्पा जेवायच्या आधी ती काढून ठेवत. भाकरी दुधात कुस्करून खात आणि हात धुतले की दात पुन्हा तोंडात. बाजारातही त्यांना दात लागत नसत. निजामाच्या त्या काळी कापसाचा भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा. तोंड उघडायचं कामच नव्हतं.

कवळी हैदराबादेत करून आणलेली, लाल रबराची. पण अप्पांच्या तोंडाला कायमची कोरड. लाळ नावाला नाही, त्यामुळे रबर हिरड्यांना घासायचं आणि जखमा व्हायच्या. अप्पा हटणाऱ्यातले नव्हते. तूप लावून पाहिलं, कवळी घसरली. भेंडीचा चिकट रस लावला, माशा मागे लागल्या. शेवटी जवस उकळून त्याचं बुळबुळीत पाणी गाळलं आणि ते जमलं. अत्तराच्या रिकाम्या कुपीत भरून ते खिशात ठेवायचे. बोलता बोलता थांबायचे, "वंगण घालू द्या," म्हणायचे आणि दोन थेंब तोंडात सोडून गाडी पुढे. मला त्यांच्या चिकाटीचं फार कौतुक वाटायचं.

तरी एका उन्हाळ्यात जखमा चिघळल्या. मी त्यांना हैदराबादला घेऊन गेलो. डॉक्टरांनी बजावलं, हिरड्या भरून येईपर्यंत कवळी लावायची नाही, आणि पुढे सोन्याची करून घ्या.

"सोन्यानं बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटंल," अप्पा म्हणाले. "माझ्या न्हाई."

परतलो त्याच संध्याकाळी पाहतो तर कवळी तोंडात. मी चिडलोच. जेवताना नको, बाजारात नको, मग हा हट्ट कशाला, असं विचारलं.

"तुमच्या काकूला ऐकू येत न्हाई. माझ्या ओठाकडं बघून समजून घेती. दात काढले की ओठ आत जातेत. मग नुसती बघत बसती ती."

विषमज्वरात काकूंचे कान गेले हे गल्लीला ठाऊक होतं. आम्ही सगळे त्यांच्याशी हातवारे करायचो. त्यांच्याशी बोलणारे एकटे अप्पाच, हे मात्र माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. 

अप्पा काकूंसमोर बसून प्रवासाची हकीकत सावकाश सांगू लागले. डब्यात कोण कोण भेटलं, डॉक्टर किती रागावला. काकू मनापासून हसत होत्या. एका शब्दाला अप्पा वेदनेनं कळवळले. काकूंनी हसणं थांबवून त्यांच्यापुढे तळहात धरला. अप्पांनी मान हलवली, कुरकुर केली. हात तसाच राहिला. शेवटी त्यांनी कवळी काढून त्यावर ठेवली.

"ऱ्हायलेलं उद्या ऐकते मी," काकू म्हणाल्या.