हौसाआक्काची खुर्ची

"वैदेही, मुडदा बशिवला तुजा! परत कुंपनात तोंड घातलंस तर टांगडं मोडीन!"

ही हाक ऐकून आमच्या संगीतवर्गाच्या अंगणात उभ्या असलेल्या एका बाईंच्या हातातली पिशवी खाली पडली. त्या वैदेहीच्या आई. पुण्याहून लेकीला भेटायला आल्या होत्या. वैदेही आत तोडी घोळवत बसली होती आणि बाहेर कुणीतरी तिचं टांगडं मोडायला निघालं होतं. मी घाईघाईने खुलासा केला, "अहो, ती शेळी आहे." त्यावर बाईंचा चेहरा आणखीच पडला.

ही हाक हौसाआक्काची. आमचा वर्ग आहे त्या, पुण्याजवळच्या लहानशा मालेगावच्या वरच्या अंगाला धनगरांची पाच-सहा घरं आहेत, त्यांतल्या शेवटच्या घरात ती एकटी राहते. नवरा गेला, मूलबाळ नाही, पुतणे खाली जांबे गावात भाड्याच्या खोल्या बांधून बसले. उरल्या शेळ्या. आणि शेळ्यांना नावं आमच्या विद्यार्थ्यांची.

आमचा वर्ग म्हणजे बारा मुलं, तीन वर्षं राहून गाणं शिकणारी. तो चालतो देणगीदारांवर. कुणी जागा दिली, कुणी तानपुरे दिले, हिंजवडीतली एक कंपनी गुरुजींचं मानधन देते. मी बँकेतून निवृत्त होऊन बावधनला राहतो आणि इथला चिटणीस म्हणून मिरवतो. देणगीदार सांभाळणं हे माझं काम. ते मला उत्तम जमतं, असा माझा समज होता.

आक्का देणगीदार कशी झाली, तेही सांगतो. पहिल्याच पावसाळ्यात ती दुधाची किटली घेऊन दारात उभी राहिली. "खोकनारी पोरगी कोन हाय? वर माज्या घराच्या पडाळीपातूर ऐकू येतंय." तेव्हापासून रोज सकाळी एक किटली शेळीचं दूध. दूध पाजायचं आणि मग उंबऱ्यात, खांबाला पाठ लावून, रियाज संपेपर्यंत ऐकत बसायचं. मान डोलावणं नाही, वाहवा नाही. मधूनच एखादा शेरा.

"त्यो सोलापूरचा आज उपाशी हाय."

"आक्का, नाश्ता झालाय सगळ्यांचा."

"आवाज सांगतो समदं. इचारा त्याला."

विचारलं, तर खरंच. पोरगं आईशी फोनवर भांडून न खाता बसलं होतं. तेव्हापासून गुरुजीसुद्धा शिकवता शिकवता डोळ्याच्या कोपऱ्यातून उंबऱ्याकडे बघायला लागले. आक्काने नाक मुरडलं की ते मुलाला पुन्हा 'सा' लावायला सांगत. तिला रागाचं एक नाव माहीत नव्हतं.

करडू जन्मलं की आक्का त्याचं ओरडणं दोन दिवस ऐकायची आणि मग निकाल द्यायची. "ही वैदेही. वर जाताना आशीच नाकात जाती." नाव दिलेलं करडू ती विकत नसे. मुलं तीन वर्षांनी निघून जात, पुढे फोनसुद्धा करत नसत. शेळ्या मात्र राहत. निम्मा कळप असा, कधीच बाजार न बघितलेला. मी एकदा म्हणालो, "आक्का, हे परवडतं कसं?" तर म्हणाली, "तुमाला तरी कुटं परवडतंय?"

सहा वर्षांत तिने एकदाच काही मागितलं.

आमच्या वार्षिक मैफलीला पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर देणगीदारांची नावं कागदावर लिहून चिकटवतो. आक्का ते बघत उभी होती. "भाऊ, समद्यांची चिकटवता, माजं बी चिकटवा की. वाचता येत न्हाई, पर खुर्ची वळखीन."

मी झोकात लिहिलं, 'श्रीमती हौसाबाई'. डावीकडून तिसरी खुर्ची. तिने बोटाने मोजून घेतली.

मैफलीच्या संध्याकाळी ती हिरवं इरकल नेसून आली. हातात किटली होतीच. आणि त्याच वेळी कंपनीचे साहेब आले, बरोबर न कळवता आणलेले दोन पाहुणे. एक खुर्ची रिकामी होती, एक कमी पडत होती. मी स्वतःच्या हाताने डावीकडून तिसऱ्या खुर्चीवरचा कागद काढला, घडी करून खिशात घातला आणि आक्काजवळ जाऊन हसत म्हणालो, "आक्का, तुम्ही काय, आमच्या घरच्याच. उंबऱ्यात तुमची जागा आहेच की."

बाहेरच्याला मान द्यायचा आणि आपल्या माणसाला 'घरचे' म्हणून उठवायचं, ही आपली जुनी रीत. लग्नकार्यात मी ती शेकडो वेळा वापरली आहे. त्या दिवशी त्या रीतीची लाज वाटली, पण उशिरा.

"व्हय की, घरचीच," आक्का म्हणाली. किटली स्वयंपाकघरात ठेवली आणि चढ चढून गेली. तिसऱ्या खुर्चीवरचा पाहुणा मध्यंतरातच उठला, त्याला पुण्यात जेवण होतं.

दुसऱ्या दिवशीही दूध आलं. पण किटली फाटकाला अडकवलेली होती. तिसऱ्या दिवशीही तसंच. वर्ष झालं, दूध एक दिवस चुकलं नाही आणि आक्का एक दिवस आत आली नाही. मुलं विचारत, मी म्हणायचो, तिला कामं असतील. गुरुजी उंबऱ्याकडे बघत आणि मग माझ्याकडे.

परवा शेवटी मी ती खुर्ची उचलली, तिच्यावर तोच कागद चिकटवला आणि खांद्यावर घेऊन चढ चढलो. दोनदा बसावं लागलं, त्याच खुर्चीवर.

आक्काने मला बघितलं, पदराने खुर्ची पुसली आणि माझ्याकडे सरकवली. "बसा भाऊ. तुमी पाव्हनं."

मी बसलो. माफी मागायची वाक्यं वाटेत जुळवली होती, ती चहाबरोबर गिळली. गोठ्यात दोन नवी करडं होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी नावं विचारली.

"न्हाई दिली. फाटकापातूर निस्ता गलका येतोय, कोनाचा आवाज कोनता, उमगत न्हाई. बिननावाची हायेत, जातील बाजारात."

तेवढ्यात त्यातलं एक ओरडलं. बारीक, वर जाताना जरासं फाटणारं. हुबेहूब आमची मिरजेहून आलेली नवी पोरगी. मी खुर्चीतून उठलोच. "आक्का, ही तर आमची सानिका!"

आक्का करडाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"आसंल बाबा," ती म्हणाली. "मी कुटं ऐकलीय तिला?"