गांगुर्डे काकांचं लीकेज

आमच्या घरभरणीला सगळ्यांनी भिंतीवरची घड्याळं आणली. वरच्या मजल्यावरच्या गांगुर्डे काकांनी सोनेरी कागदात गुंडाळलेला पितळी नळ आणला. नुसता हातात दिला असता तर मी हसून माळ्यावर टाकला असता. पण काका म्हणाले, "आहेर वापरात आला पाहिजे, ताई." इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर करून ते स्वयंपाकघरात शिरले, खिशातून पान्हा काढला आणि बिल्डरने बसवलेला, धडधाकट, नवाकोरा नळ फिरवायला लागले. मेन कॉक बंद करायचा त्यांच्या लक्षात राहिला नाही. माझ्या नणंदेच्या साडीसकट अर्धी पाहुणेमंडळी भिजली. भिंतीतून सुटलेल्या पाण्यावर तळवा दाबून धरत काका माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "प्रेशर चांगलंय तुमच्याकडं. नशीबवान आहात."

मला तेव्हाच घर विकायचं होतं. माझा नवरा म्हणाला, "जाऊ दे, म्हातारा माणूस आहे." माझा नवरा हे वाक्य अंबडच्या कारखान्यात जायला निघता निघता म्हणतो. घरात पाणी मी पुसते.

नाशिकला पाथर्डी फाट्याच्या आमच्या सोसायटीत काकांच्या डोक्यावर फक्त गच्ची आहे आणि त्यांच्या पायाखाली आम्ही. हे नीट लक्षात घ्या, म्हणजे माझा संताप कळेल. काकांची आख्खी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. "हयात पाण्यात गेली माझी," असं ते सांगतात तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, या माणसाने धरणांचे दरवाजे उघडले असतील. प्रत्यक्षात ते आस्थापना शाखेत होते. लोकांच्या रजेचे अर्ज बघायचे. एकदा मी तसं बोलून दाखवलं, तर म्हणाले, "बरोबर. माणसांच्या रजा मंजूर केल्या. पाण्याची कधी केली नाही."



प्लंबर या जमातीवर त्यांचा भयंकर राग. "येतो, खाली वाकून बघतो, आणि आधीच्या माणसाला नावं ठेवतो. अरे, तू तुझं काम कर." यातला आधीचा माणूस दरवेळी स्वतः काकाच असतात, ही गोष्ट ते सोडून देतात. आमच्या इमारतीत आलेला प्रत्येक प्लंबर सिंकखाली डोकं घातल्याबरोबर "हे कोणी केलंय?" असं विचारतो आणि वरच्या मजल्यावरचं दार हळूच लागतं.

सामान आणायला ते स्कूटरवरून पार द्वारका चौकात जातात. जवळ दुकानं नाहीत असं नाही, पण जवळचे दुकानदार त्यांना येताना पाहून जेवायला जातात. तिथली गर्दी आपल्याला माहीत आहे. त्या गर्दीतून एकदा हा माणूस लांबलचक पाइप मांडीवर आडवा धरून आला. दोन्ही बाजूंच्या रिक्षा थांबल्या. पोलिसाने अडवलं, तर काकांनी त्यालाच समजावलं, "साहेब, हा पाइप वाकत नाही. वाकला असता तर मी वाकवला असता." मी मागच्या रिक्षात होते. मी ओळख दाखवली नाही.

आणि सोलरचं काय केलं त्यांनी? गच्चीवरची सोलरची लाइन जरा पाझरत होती. काकांनी कोणाला न विचारता ती कापली आणि फिरवून जोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या बाजूच्या सगळ्या घरांत संडासाच्या फ्लशला कढत पाणी आलं आणि शॉवरला बर्फ. नाशिकचा डिसेंबर होता. मी दात वाजवत वर गेले. काका म्हणाले, "पाणी गरम झालं की नाही? झालं. कुठं झालं, हा पुढचा प्रश्न आहे."

तेव्हा सगळं निभावून जायचं ते काकूंमुळे. काकू इगतपुरीकडच्या, बोलायला अगदी मऊ. वरून पाणी गळलं की तासाभरात त्या खाली यायच्या, हातात माहेरच्या इंद्रायणी तांदळाचा डबा. "लहान पोर समजून सोडून द्या वो," म्हणायच्या. त्या तांदळाच्या वासापुढे माझा राग टिकायचा नाही. गेल्या दिवाळीपासून मात्र त्या येईनाशा झाल्या. गळती तर वाढली होती. पूर्वी महिन्या-दोन महिन्यांनी व्हायची, आता रोज डोक्यावर खटखट, रोज पान्ह्याचा आवाज, आणि दर दोन-चार दिवसांनी आमच्या छताला नवा डाग. नवऱ्याने रंगवून घेतलेलं छत जिल्ह्याच्या नकाशासारखं दिसायला लागलं. एवढं होऊन काकूंनी तोंडदेखलंही येऊ नये, याचा मला काकांपेक्षा जास्त राग आला.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी उभी राहिले. म्हटलं, गांगुर्डे काकांनी यापुढे कुठल्याही नळाला हात लावायचा नाही, असा ठराव करा. काकाही उभे राहिले. "जयभीम. माझ्या घरातला नळ मी उघडायचा नाही, हे कोणत्या घटनेत लिहिलंय?"

"तुमच्या घरातला नळ आमच्या घरात गळतो," मी म्हटलं.

"गळत नाही."

"छत बघायला चला."

"लीकेज नही शे, ताई," काका म्हणाले. ते मूळचे नामपूरचे. कोंडीत सापडले की अहिराणी बोलतात. "तठे काहीच नही शे."

मला चीड आली ती याची. माझं छत पाझरतंय, पोपडे माझ्या भाजीत पडतायत, आणि हा माणूस सांगतो तिथं काहीच नाही. ठराव झाला. काकांनी मुकाट्याने सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी वर पुन्हा खटखट सुरू.

मग तो रविवार आला. मी शाळेत भूगोल शिकवते. नववीचे पेपर तपासायला घरी आणले होते आणि डायनिंगच्या टेबलावर गठ्ठा ठेवून चहा करायला वळले होते. परत येऊन बघते तो वरून पाण्याची बारीक धार थेट गठ्ठ्यावर. मुलांनी निळ्या शाईत काढलेल्या नद्या एकमेकींत मिसळून सगळ्या मिळून टेबलाच्या कडेने खाली चालल्या होत्या. एका मुलीने फार सुंदर नकाशा काढला होता. तिला मी आता काय सांगू? मुख्याध्यापिकांना काय सांगू? वरच्या मजल्यावरून गोदावरी आली म्हणून?

मी ओला गठ्ठा तसाच उचलला आणि जिना चढले. जिन्यात सगळी वाक्यं जुळवली. पोलीस, वकील, भरपाई, सगळं त्यात होतं.

त्यांचं दार नुसतं लोटलेलं होतं. बेल वाजवायचीही माझी इच्छा नव्हती. मी दार ढकललं, आणि उंबऱ्यातच थांबले.

सबंध घरात जमिनीवर भांडी मांडलेली होती. पातेली, वाट्या, कुकरचा डबा, पूजेतला तांब्यासुद्धा. एकाही भांड्यात पाणी नव्हतं. स्वयंपाकघरात काकू स्टुलावर बसल्या होत्या. खूप बारीक झाल्या होत्या. त्यांचे डोळे छताकडे होते. काका सिंकखाली उताणे झोपले होते, पान्हा हातात.

"लय गळतंय," काकू म्हणाल्या. "माय वरडंल. आथरूण भिजलं."

"हो, गळतंय खरं," काका आतून म्हणाले. "बघतो ना मी."

"नुसतं धरून नका बसू. फिरवा."

"फिरवतो."

मला तिथून सिंकखालचा जोड स्पष्ट दिसत होता. पूर्ण कोरडा. काकांनी तो सोडवला. पाणी आलं, त्यांच्या बाहीवरून फरशीवर आणि फरशीतून, अर्थात, माझ्या घरी गेलं. मग त्यांनी टेप गुंडाळली, जोड पुन्हा आवळला आणि विचारलं, "आता?"

काकूंनी बराच वेळ कान दिला. "आता थांबलं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा एकदम निवला.

काका सिंकखालून बाहेर सरकले आणि त्यांना मी दिसले. माझ्या हातातल्या पेपरांतून निळं पाणी ठिबकत होतं. ते घाईने उठले, मला बाहेर जिन्यात घेऊन आले आणि दार ओढून घेतलं.

"कधीपासून?" मी विचारलं. जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही वाक्य माझ्याकडे उरलं नव्हतं.

"दिवाळीच्या आधीपासून विसरत होती. आता ती इथं नसतेच. लहानपणीच्या घरात असते. कौलारू घर, तिकडचा पाऊस. सगळे झोपले की गळतीखाली भांडी लावायचं काम हिचं." त्यांनी ओली बाही पिळली. "डॉक्टर म्हणाले, वाद घालू नका. ते कौल काही मला शाकारता येत नाही. म्हणून नळ दुरुस्त करतो. मग ती जेवते."

"पण चांगला नळ खरोखर कशाला उघडायचा, काका? नुसतं केल्यासारखं करा."

"करून बघितलं. खोटं काम तिला कळतं."

मला रडू यायला हवं होतं, पण मला पुन्हा रागच आला. "आम्हाला सांगायचं नाही का हे? भर मीटिंगमध्ये मी तुम्हाला काय काय बोलले. सगळी सोसायटी तुम्हाला हसते."

काका जिन्याच्या कठड्याकडे बघत राहिले. कठड्याखालून जाणाऱ्या पाइपाकडे बघत होते म्हणा. "सांगितलं असतं तर तुम्ही सगळे तिच्याकडं बघायला लागला असता," ते म्हणाले. "माझ्याकडं बघत होता, ते बरं होतं."

ते पेपर मी पंख्याखाली वाळवले. वाचता आले तेवढे वाचले. पुढच्या आठवड्यात काकांकडे प्लंबर बोलावला. तो सिंकखाली वाकला आणि म्हणाला, "हे कोणी केलंय?" मी म्हटलं, "तुला काय करायचंय? तू तुझं काम कर." काका दारात उभे होते. प्लंबरने जोडाच्या मागे एक छोटा कॉक बसवून दिला. आधी तो बंद करायचा, मग हवं तितकं उघडायचं. काकांना ही सोय पसंत नाही. पाणी चालू असल्याशिवाय काम केल्यासारखं वाटत नाही, म्हणतात. कॉक बंद करायला ते अजूनही विसरतात, आणि मी अजूनही वर जाऊन भांडते. माझ्या छताला नवा डाग पडला तर त्यात मी काय दया दाखवायची?

पण शनिवारी दुपारी ते भाजी आणायला जातात तेव्हा मी वर जाऊन बसते. परवा मी वर्तमानपत्र वाचत होते आणि काकू म्हणाल्या, "गळतंय वो."

मी म्हटलं, "काका येतीलच."

"तवर समदं भिजंल."

मग मी पदर खोचला आणि पान्हा घेऊन सिंकखाली शिरले. आयुष्यात कधी पान्हा धरला नव्हता.

"उलटं फिरवताय," काकू वरून म्हणाल्या. खरोखर उलटं फिरवत होते. सुलटं फिरवलं. जोड निघाला आणि गार पाणी थेट माझ्या तोंडावर आलं. कॉक बंद करायचा राहिला होता. खाली आमच्या टेबलावर टपटप सुरू झालीच असणार, आणि त्यासाठी भांडायला कोणाकडे जायचं हे मला कळेना. कसाबसा जोड बसवला. टेप दोनदा चुकीची गुंडाळली.

"आता?" मी विचारलं.

"आता थांबलं."

मी भिजलेली साडी सावरत उभी राहिले. काकूंनी खाली वाकून एक रिकामं पातेलं दोन्ही हातांनी उचललं. ते काठोकाठ भरलं असावं, अशा बेताने त्या पावलं टाकत मोरीकडे निघाल्या. वाटेत मी उभी होते. पाणी सांडू नये म्हणून मी बाजूला झाले.