कुरण गेलं कुठे?

"पण कुरण गेलं कुठे?" इडवालने विचारले आणि तिसरा भाजलेला बटाटा ताटात ओढला.

मर्विन प्रोबर्टने सुरी खाली ठेवली. बायकोचा हा भाऊ गेली अकरा वर्षे दर रविवारी जेवायला येत होता आणि फायरप्लेसवरच्या चित्राकडे बघून दर रविवारी हाच प्रश्न विचारत होता. ते जुने छापील चित्र मर्विनच्या पणजोबांनी विकत घेतलेले. त्यात गावाबाहेरचा पडका मठ, कमानींवर वेली आणि अगदी भिंतीला लागून वाय नदी.

"मठ आणि नदीच्या मधे एवढं मोठं कुरण आहे," इडवाल म्हणाला. "चित्रात ते मेंढ्यांनी खाल्लं का? अरे, तो चित्रकार इथे आलाच नव्हता. लंडनला बसून दिलं ठोकून!"

"आला होता! चल, दाखवतो!" मर्विनने चौकटीसकट चित्र खाली उतरवले.

"निदान पुडिंग तरी खा रे!" ऑल्वेन ओरडली. दोघे कोट चढवून निघालेही होते. नवऱ्याला आणि भावाला एकटे सोडण्यात अर्थ नाही हे जाणून तिने ओव्हन बंद केला आणि त्यांच्या मागोमाग निघाली.

मठाच्या फाटकावरच्या बाईने चित्राकडे संशयाने पाहिले. "आमच्या दुकानातलं दिसतंय."

"पणजोबांचं आहे!"

"पकडलं की सगळे असंच म्हणतात."

"अहो बाई, मी आत येतोय!"

आत गेल्यावर मर्विन चित्र समोर धरून एकेक पाऊल मागे सरकू लागला. कुरण काही हटेना. तो काठावरून खाली उतरला, नदीच्या वळणावर गेला. ओहोटीने उघडा पडलेला चिखल लखलखत होता. पहिल्याच पावलाला तो गुडघ्यापर्यंत रुतला.

"मर्विन! बाहेर ये!"

"थांब गं! कुरण निम्मं झालं!"

बाहेर येणे आता त्याच्या हातात नव्हतेच. तो धडपडला तसा मांडीपर्यंत गेला, मग कमरेपर्यंत. ऑल्वेनने बंबवाल्यांना फोन लावला. तेवढ्यात मर्विन आनंदाने किंचाळला, "गेलं! काठाआड गेलं सगळं! नदी थेट भिंतीला! इडवाल, बघ!"

"मला इथून तर हिरवंगार दिसतंय," इडवाल काठावरून म्हणाला.

"मग ये की इकडे, भित्र्या!"

बहिणीसमोर भित्रा म्हटल्यावर इडवालचा इलाज खुंटला. तो तावातावाने उतरला आणि मर्विनच्या शेजारी कमरेपर्यंत रुतला. भरतीचे पाणी चिखलावर चढू लागले होते. मर्विनने चित्र त्याच्या नाकासमोर धरले. इडवालने मठ पाहिला, चित्र पाहिले, परत मठ पाहिला.

"आता बोल. कुरण दिसतंय?"

"नाही दिसत," इडवाल पुटपुटला. मर्विनने अकरा वर्षांचा श्वास सोडला.

"पण ढग," इडवाल म्हणाला, "ढग साफ चुकलेत."

तोवर बंबवाले फळ्या टाकत येऊन पोचले. त्यांच्या म्होरक्याने विचारले, "आधी कोणाला काढू?"

"मला," मर्विन म्हणाला. "त्याला राहू द्या. त्याचं अजून बघून व्हायचंय."