बाबांच्या खोलीतला नवा हँडसेट

"कॉर्डलेस फोनला जास्तीचा हँडसेट जोडणं? माझ्या डाव्या हातचा मळ!"

हे मी हॉलमध्ये उभा राहून, नवा खोका बगलेत धरून, बायकोला ऐकवलं. आमच्या ऑफिसात प्रिंटरने कागद गिळला की मलाच बोलावतात. नंतर तो प्रिंटर दुरुस्तीला पाठवावा लागतो, ती गोष्ट वेगळी!

"आधी माहितीपत्रक तरी वाचा," बायको म्हणाली.

"ज्यांना यंत्रं कळत नाहीत त्यांच्यासाठी असतं ते!"

हँडसेट हवा होता बाबांसाठी. बाबा जन्मभर बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसले. कुठली गाडी कधी सुटते, कुठे थांबते, का थांबत नाही, सगळं तोंडपाठ. निवृत्त झाले आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत राहायला लागले. आमचा फोन मात्र खाली, हॉलमध्ये. रिंग वाजली की बाबा वरून "आलो, आलो!" करत निघायचे, आणि गुडघ्यांची समजूत घालत खाली पोचेपर्यंत फोन गप्प! होता होता मित्रांनी फोन करणं सोडलं आणि बाबांनी बोलणं. जेवतानासुद्धा "हं" आणि "नको" एवढंच. तासन्‌तास चौकशा झेललेला माणूस असा गप्प बसलेला मला बघवेना.

तर कृती अगदी सोपी. हँडसेट ज्या डब्यात उभा राहतो, त्याला बेस म्हणतात. बेसवर एकच बटण. ते टिचकीसारखं दाबलं तर हरवलेला हँडसेट ओरडून आपला पत्ता सांगतो. तेच बीप होईपर्यंत दाबून धरलं तर बेस नव्या हँडसेटला आपलं म्हणायला तयार होतो. मग हँडसेटवर चार शून्यं दाबायची. त्या कंपनीच्या सगळ्या फोनांना हीच चार शून्यं चालतात. संपलं!

आता कोणीही शहाणा माणूस हे काम बेसच्या शेजारी बसून करेल. पण माझं स्वतःचं एक शास्त्र आहे. जी वस्तू जिथे वापरायची, तिथेच ती जोडावी. म्हणजे ती रुळते! म्हणून मी बायकोला खाली बेसपाशी उभं केलं आणि हँडसेट घेऊन वर बाबांच्या खोलीत गेलो.

खोलीची खिडकी उघडी होती. समोर हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ शेजारच्या डॉक्टरांच्या घराची खिडकी. या बाई जनावरांच्या डॉक्टर; खाली दवाखाना, वर राहायला. त्यांच्याकडेही आमच्यासारखाच फोन आहे, कारण तो माझ्याच सल्ल्याने घेतलेला.

"अहो, बरे भेटलात!" त्या खिडकीतून म्हणाल्या. "माझा हँडसेट सकाळपासून सापडत नाहीये. काय करू?"

"बेसवरचं बटण दाबा!" मी ऐटीत म्हणालो आणि बाबांकडे वळलो. मग घसा खाकरून खाली ओरडलो, "दाब गं बटण! दाबून धर! मी सांगेपर्यंत सोडू नकोस!"

बीप ऐकू आलं. मी चार शून्यं दाबली. पडद्यावर हिरवी खूण उमटली! मी हँडसेट बाबांच्या हातात असा ठेवला, जणू मुंजीत भिक्षा घालतोय.

खाली आलो तर बायको स्वयंपाकघरात ओटा पुसत होती. "दूध उतू गेलं. थांबा, आता दाबते बटण."

"आता कशाला? जोडलासुद्धा!"

"बटण न दाबता?"

"हात लागतो त्यासाठी!" मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून चमत्कारच! बाबांचा फोन खणखणू लागला. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. वरून बाबांचा आवाज यायचा, "हो का? मग? आधी काय खायची ती? बरं, घरात नवीन कोणी आलंय का?" जेवताना बाबा चक्क बोलायला लागले. "मला एक सांग," ते भात कालवत विचारायचे, "कासव रुसतं का रे?" एकदा तर जेवण अर्धं टाकून उठले. "पोपटाचा फोन यायचाय," म्हणाले! मी आणि बायकोने एकमेकांकडे पाहिलं. पण म्हटलं, एखाद्या मित्राचं टोपणनाव असेल.

बायकोची शंका दुसरीच होती. "बाबांचा वाजतो तेव्हा आपला का वाजत नाही? आणि आपला वाजतो तेव्हा त्यांचा?"

"त्यांना आपला त्रास नको, आपल्याला त्यांचा नको. तशी सोय करून दिलीय मी."

"तुम्ही?"

"नाहीतर काय आपोआप झाली?"

असं छान चाललेलं असताना एका संध्याकाळी डॉक्टरबाई आमच्याकडे आल्या. चेहरा उतरलेला. खुर्चीच्या कडेवर टेकल्या.

"दवाखाना बंद करावा म्हणतेय," त्या म्हणाल्या.

"अहो, का?" बायको दचकलीच.

"फोनच येत नाही कोणाचा! ज्यांचं जनावर फारच आजारी आहे ते तेवढे थेट दारात येतात. बाकी सगळे गायब. लोकांचा माझ्यावरचा विश्वास उडाला बहुतेक. इतकी वर्षं जीव ओतून केलं हो सगळं."

मला फार वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी यंत्राला हात घालतो! "तुमचा हरवलेला हँडसेट सापडला का?"

"कुठला! त्या दिवशी तुम्ही खिडकीतून ओरडलात ना, सोडू नका म्हणून? हात भरून येईपर्यंत धरून ठेवलं होतं मी बटण! नुसतं एकदा बीप झालं. शेवटी दुकानातून दुसरा फोन आणला, तो बेडरूममध्ये लावलाय. तो तर दिवसभर नुसता गप्प..." त्या थांबल्या. "खरं म्हणजे दिवसा मी खालीच असते, दवाखान्यात. वाजला तरी मला कुठे ऐकू येणार!"

"थांबा, तुमची लाइनच तपासतो!" मी खिशातून मोबाइल काढला आणि त्यांचा नंबर लावला.

आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर फोन खणखणला.

"योगायोग!" मी म्हणालो.

वरचं खणखणणं थांबलं आणि माझ्या कानात बाबांचा आवाज आला, "नमस्कार! बोला, कोण आजारी आहे?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. उतू गेलेलं दूध, ते बीप, हिरवी खूण, सगळं त्या एका नजरेत होतं. माझ्या हाताने मी आमचा हँडसेट शेजारच्यांच्या बेसला दत्तक दिला होता!

आम्ही तिघेही वर गेलो. बाबा खुर्चीत ताठ बसलेले, हँडसेट कानाला.

"काका," डॉक्टरबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "माझे फोन तुम्ही घेता?"

"घेतो," बाबा शांतपणे म्हणाले.

"तुम्हाला कळलं नाही, हे फोन माझे आहेत ते?"

"पहिल्याच फोनला कळलं! मांजर दोन दिवस कपाटावरून उतरत नव्हतं. मी सांगणारच होतो, नंबर चुकला म्हणून. पण मग ते मांजर उतरलं की नाही, हे मला कसं कळणार?"

"आणि औषधं? काय सांगितलंत तुम्ही लोकांना?"

"औषध सांगायला मी काय डॉक्टर आहे? मी फक्त विचारतो. जन्मभर लोकांनी मला विचारलं, आता मी विचारतो! रक्त आलं, धाप लागली, उठवत नाही म्हणाले की सांगतो, बोलत बसू नका, उचला आणि डॉक्टरांकडे पळा. बाकीच्यांचं विचारता विचारता त्यांनाच उमगतं. त्या मांजरवाल्यांनी घरात नवा पंखा लावला होता. कुणाला सुचलंच नव्हतं!"

डॉक्टरबाईंचा एक हात कंबरेवरून खाली आला. "उतरलं का मग ते?"

"पंखा बंद केला आणि उतरलं."

दुसराही हात खाली आला. त्या बाबांच्या पलंगावर बसल्या. "आणि तो पोपट? बोलणं सोडलेला? मला त्याचं काही कळतच नव्हतं हो."

बाबांनी खुर्ची पुढे ओढली. आम्ही दोघं दारात उभे आहोत हे दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

त्या दिवसापासून बाबा दवाखान्याचे चौकशी अधिकारी झाले. फोन बाबा घेतात आणि कोणी कधी यायचं ते ठरवून देतात. डॉक्टरबाईंकडे पुन्हा रांग लागते. मी हँडसेट आपल्या बेसला जोडून देतो म्हटलं, तर सगळ्यांनी एकदमच मला खाली बसवलं.

काल जेवायची वेळ झाली म्हणून मी शेजारचा नंबर फिरवला.

"नमस्कार! कोण आजारी आहे?"

"बाबा, मी बोलतोय."

"तू? तुला काय होतंय?"

"काही नाही. जेवायला चला."

"मग धडधाकट माणसाने दवाखान्याची लाइन कशाला अडवायची?" बाबांनी फोन ठेवला. मी पुन्हा लावला. एंगेज! खोटं कशाला सांगू, बाबांचा फोन एंगेज लागतोय याचा मला इतका आनंद झाला की मी आणखी एकदा लावून पाहिला. मग ताट वाढून मीच वर गेलो.

बाबा कोणाला तरी सशाच्या झोपेबद्दल विचारत होते. माझ्याकडे न बघताच त्यांनी हाताने खूण केली. बाहेर बसा, नंबर आला की बोलावतो!